दुकान कायदेशीर आहे, पण तुझ्यासाठी नाही

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी मूळचा नाशिकचा, वय ३१. टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो. एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर आहे, कंपनीनं माझ्यासाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही सहा जण माझ्या नावावर भाड्याची मिनीव्हॅन घेऊन डेन्व्हरला चाललोय: मी, बायको, सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई आणि तीन मित्र. मित्रांपैकी दोघं इथले नागरिक आहेत. त्यांचा आग्रह आहे की डेन्व्हरला जायचं तर वीडच्या, म्हणजे गांजाच्या, दुकानात जायलाच हवं. तिथे सगळं कायदेशीर आहे, एकवीस वर्षं पूर्ण असतील तर कुठल्याही राज्याच्या लायसन्सवर मिळतं. बायको म्हणते, तू आत पायसुद्धा ठेवायचा नाहीस. यावरून आठवडाभर अबोला आहे. मला वाटतं ती उगाच बाऊ करतेय. आमच्याकडे रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या हौदावर, जायच्या आधी भांग व्हायचीच की. शिवाय आईचे गुडघे दुखतात, तिथलं मलम किंवा गमी (गांजाची चघळायची गोळी) गुणकारी असते असं ऐकलंय. येताना मित्र थोडंफार बरोबर आणणार आहेत. आणि एक गोष्ट बायकोलाही माहीत नाही. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी लास व्हेगासला गेलो होतो, तेव्हा एक गमी खाल्ली होती. डिसेंबरात भावाच्या लग्नाला जायचंय, मुंबईच्या वकिलातीत व्हिसाचं स्टॅम्पिंग आहे. हे ठरल्यापासून ती गमी डोक्यात घोळतेय. काय करू?"

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण सप्टेंबर काही लांब नाही आणि डिसेंबरही नाही.

तुझ्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते. तू त्या दुकानातून काही घेऊ नकोस, खाऊ नकोस, ओढू नकोस, आणि मित्रांच्या खरेदीचे पैसेही तू भरू नकोस. नागरिक असलेल्या मित्रांचा प्रश्न वेगळा. तिसरा मित्र कुठल्या व्हिसावर आहे ते तू लिहिलेलं नाहीस. तो नागरिक नसेल तर हे उत्तर त्यालाही वाचायला दे. त्याच्याकडे ग्रीन कार्ड असलं तरी दे.

मी ऑरोराला राहते, डेन्व्हरला अगदी लागून. इथल्या, म्हणजे कोलोरॅडो राज्याच्या, मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये गांजाला परवानगी दिली आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. त्या दिवशी कडाक्याच्या थंडीत लागलेल्या रांगा मी पाहिल्या आहेत. आज ही दुकानं आम्हाला किराणा दुकानासारखी सवयीची झाली आहेत, आणि म्हणूनच बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं की इथे आता काही प्रश्नच उरलेला नाही. पण राज्यानं फक्त आपल्या कायद्यातली शिक्षा काढून टाकली. केंद्राचा १९७० चा नियंत्रित पदार्थांचा कायदा तसाच आहे. राज्यानं मुभा दिली तरी केंद्राचा कायदा लागू राहतो, हे सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात स्पष्ट केलं. नागरिकानं दुकानातून एखादी पुडी घेतली म्हणून केंद्राचे अधिकारी त्याच्या मागे लागत नाहीत, त्यामुळे त्याला हा फरक जाणवतच नाही. तुझं तसं नाही. तुझा व्हिसा, तुझं ग्रीन कार्ड, पुढे कधी घेतलंस तर नागरिकत्व, हे सगळं केंद्राकडे आहे. कोलोरॅडोच्या गव्हर्नरच्या हातात तुझ्या फाइलचा एक कागदही नाही.

भांगेचं तू लिहिलंस ते मला समजतं. आपल्या कायद्यानंही भांगेला वेगळं काढलंय. १९८५ च्या एनडीपीएस ह्या अंमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेचा कारभार राज्यांकडे राहिला. त्यामुळे आपल्या मनात "एवढं काय त्यात" हे लहानपणापासून बसलेलं असतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पान आणि फूल असा भेद नाही. इथे रंगपंचमीची सबब चालत नाही.

आता व्हेगासचं. ते तू पत्राच्या शेवटी टाकलंस, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंस.

इमिग्रेशनच्या कायद्यात अंमली पदार्थांबाबत एक कलम असं आहे की त्याला अटक लागत नाही, खटला लागत नाही, शिक्षाही लागत नाही. माणसानं स्वतःच्या तोंडानं अशा गुन्ह्याचे घटक कबूल केले तरी तो देशात प्रवेश मिळायला अपात्र ठरू शकतो. नेव्हाडात दुकानं जुलै २०१७ पासून कायदेशीर आहेत, पण म्हणून केंद्राच्या नजरेत तुझी ती गमी माफ होत नाही. व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरताना प्रश्न असतो: नियंत्रित पदार्थांसंबंधीचा कुठलाही कायदा तुम्ही कधी मोडला आहे का? ग्रीन कार्डाच्या अर्जातही असा प्रश्न येतो, आणि त्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरही विचारतात. नागरिकत्वाच्या वेळी पुन्हा तेच. इमिग्रेशन खात्यानं एप्रिल २०१९ मध्ये तर लेखीच सांगितलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी आलेला संबंध 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो.

तू म्हणशील, मग सरळ "नाही" लिहितो. तसं करू नकोस. महत्त्वाची गोष्ट लपवून व्हिसा मिळवणं हे इमिग्रेशन कायद्यातलं सगळ्यात जड प्रकरण आहे. त्यानं येणारी अपात्रता जन्मभराची असते. एका गमीपेक्षा तिच्याबद्दलचं खोटं तुला फार महाग पडेल. आणि घाबरून जाऊन मुलाखतीच्या खिडकीपाशी सगळं ओकून टाकणं हाही मार्ग नाही. ह्या दोहोंच्या मधली वाट वकिलाकडूनच कळते. ऑक्टोबरच्या आत एखाद्या इमिग्रेशन वकिलाची वेळ घे. कंपनीचा नको. कंपनीचा वकील कंपनीचंही काम बघतो. स्वतःच्या खिशातून पैसे देऊन स्वतःचा वकील गाठ. त्याला तारीख, जागा, काय खाल्लं, कुणी दिलं, तेव्हा नक्की काय आहे हे तुला माहीत होतं का, सगळं सांग. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं. तो तुझी फाइल पाहून सांगेल की प्रवास करायचा की नाही आणि प्रश्नाला काय उत्तर द्यायचं. हे उत्तर मी देऊ शकत नाही, कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुपही देऊ शकत नाही, आणि अशा ग्रुपवर तू ते विचारूही नकोस.

ग्रुपचं म्हणते कारण डीएस-१६० मध्ये २०१९ पासून सोशल मीडियाची खाती विचारतात. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्याच्या बायको-मुलांचा व्हिसा) वाल्यांची ऑनलाइन पाहणीही सुरू झाली आहे. विमानतळावर फोन उघडून बघायचा अधिकार सीमा अधिकाऱ्यांना आधीपासूनच आहे. तुझ्या मित्रांना दुकानाच्या पाटीखाली उभं राहून फोटो काढायचा असेल तर काढू देत. त्या फोटोत तू नसावास, आणि तुझ्या नावाचा टॅगही नसावा.

गांजा केंद्राच्या नियंत्रित पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, यादीतून तिसऱ्या यादीत हलवायची प्रक्रिया २०२४ मध्ये सुरू झाली आणि राष्ट्राध्यक्षांनी डिसेंबर २०२५ मध्ये ती लवकर उरकण्याचा आदेश काढला, हे तुझ्या वाचनात आलं असेल. त्या भरवशावरही राहू नकोस. तिसऱ्या यादीतला पदार्थसुद्धा नियंत्रित पदार्थच असतो, आणि इमिग्रेशनचं कलम यादीचा नंबर विचारत नाही.

आत पाऊलच ठेवायचं नाही का, असं विचारशील. नुसतं आत जाणं हा गुन्हा नाही. पण तुझं कुतूहल शमावं म्हणून मीच तुला दुकान दाखवते. मी दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीबरोबर गेले होते. तिच्या केमोथेरपीचा तो काळ होता, अन्न पोटात ठरत नव्हतं. आम्ही दोघीही नागरिक. ह्या दुकानांना इथे डिस्पेन्सरी म्हणतात, आणि डिस्पेन्सरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे म्युनिसिपालटीचा दवाखाना येतो, कंपाउंडर आणि लाल औषधाची बाटली. तसं काही नव्हतं. दाराशी एक माणूस, त्यानं लायसन्स पाहिलं, जन्मतारीख पाहिली. मग बँकेच्या प्रतीक्षाकक्षासारखी छोटी खोली. नाव पुकारल्यावर आतलं दार उघडलं आणि वास आला, ओल्या गवताचा आणि मागे किंचित रॉकेलसारखा. काचेच्या काउंटरमागे बरण्या, त्यांच्या झाकणाला भिंग लावलेलं, म्हणजे फुलावरचे चिकट दाणे दिसावेत. काउंटरवरच्या मुलीनं मैत्रिणीला पहिला प्रश्न विचारला, "आधी कधी घेतलंय का?" मैत्रीण नाही म्हणाली, तशी तिनं बरण्या बाजूला सारल्या आणि सगळ्यात कमी ताकदीच्या गमीचं पाकीट काढलं. लहान मुलाला उघडता येऊ नये अशा जाड पिशवीत ते गेलं. पैसे रोख दिले. केंद्राच्या कायद्यामुळे क्रेडिट कार्डं इथे चालत नाहीत, कोपऱ्यात एटीएम ठेवलेलं असतं. बिलावर राज्याचा १५ टक्के खास कर आणि वर शहराचा. एवढंच आहे ते. बघायला गेलं तर गोव्यातल्या काजूच्या दुकानात जास्त रंगत असते.

तुझ्या मित्रांसाठी मात्र मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण ते जाणारच आहेत आणि पाहुण्यांची फजिती होते ती दुकानात नाही, दुकानातून बाहेर पडल्यावर.

ओळखपत्राचं त्यांना ठाऊक आहे. किती मिळतं ते राज्याराज्यात वेगळं. कोलोरॅडोत सुरुवातीला पाहुण्याला एका वेळी पाव औंसच (सुमारे सात ग्रॅम) मिळायचं, २०१६ मध्ये तो भेद गेला. इलिनॉयमध्ये जानेवारी २०२० ला दुकानं उघडली ती मात्र पाहुण्याला रहिवाशाच्या निम्म्या मर्यादेवर, ३० ग्रॅमऐवजी १५. एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लावू नये.

खरी काळजी गमीची. चॉकलेट, बिस्किट, सरबत, सगळं त्यातच आलं. कोलोरॅडोत एक मात्रा जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची, आणि पाकीट १०० मिलिग्रॅमचं. पण १० मिलिग्रॅम ही सवय असलेल्याची मात्रा. ज्यानं कधी घेतलं नाही त्यानं अडीच, फार तर पाच. म्हणजे गमी सुरीनं अर्धी, नाहीतर पाव करायची. ओढलेलं काही मिनिटांत कळतं, पण खाल्लेलं अर्ध्या तासानं कळेल नाहीतर दोन तासांनी, आणि मग सहा-आठ तास उतरत नाही. मधल्या वेळात माणसाला वाटतं की काहीच होत नाही, आणि तो दुसरी खातो.

हे मी आमच्याच स्वयंपाकघरात पाहिलंय. दिवाळीच्या आधी शिकागोहून एक जोडपं आमच्याकडे उतरलं होतं, दोघंही चाळिशीचे, नागरिक, शहाणी माणसं. त्यानं संध्याकाळी एक गमी खाल्ली. चाळीस मिनिटांनी म्हणाला, फसवलं दुकानदारानं, आणि दुसरी खाल्ली. मी पोहे टाकले होते. कांदा परतेपर्यंत तो गप्पा मारत होता. ताटली पुढे केली तेव्हा तो फ्रिजचं हँडल धरून जमिनीवर बसलेला, कपाळावर गार घाम, आणि मला हळूच विचारतोय की माझा श्वास चालू आहे ना. त्याची बायको मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघत त्याची नाडी मोजत होती. आम्ही दिवे मंद केले, पाणी पाजलं, आलटून पालटून त्याच्याजवळ बसलो. रात्री दोनला तो झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याची नजर जड होती. त्याचं निभावलं, कारण घरात चार माणसं होती आणि दार बंद होतं.

सगळ्यांचं निभावत नाही. मार्च २०१४ मध्ये, दुकानं उघडून तीन महिनेही झाले नव्हते, शेजारच्या वायोमिंग राज्यातून सुट्टीला डेन्व्हरला आलेल्या एका १९ वर्षांच्या परदेशी विद्यार्थ्यानं गांजाचं बिस्किट खाल्लं. वय बसत नव्हतं म्हणून ते २३ वर्षांच्या मित्रानं घेतलं होतं. त्यात ६५ मिलिग्रॅम होतं आणि त्याचे सहा भाग करा असं दुकानात सांगितलं होतं. त्यानं एक भाग खाल्ला, काही जाणवेना म्हणून अर्ध्या-एक तासात उरलेलं सगळं खाल्लं. मग त्याचं बोलणं-वागणं बिघडलं आणि त्यानं हॉटेलच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारली. त्यानंतर राज्यानं वेष्टनांचे आणि मात्रेचे नियम कडक केले. आता प्रत्येक गमीवर टीएचसीची खूण उमटवलेली असते. फळांच्या आणि प्राण्यांच्या आकारांवरही २०१७ पासून बंदी आहे. मला तो मुलगा दर वेळी आठवतो. घरापासून लांब, हॉटेलची खोली, सुट्टी, आणि वेळ लागतोय म्हणून आलेली अधीरता. तुमची सहल ह्याहून काय वेगळी आहे? इथल्या विद्यापीठाच्या इस्पितळातली नोंदही हेच सांगते. २०१३ ते २०१४ ह्या एका वर्षात तातडीच्या विभागात गांजामुळे आलेल्या परराज्यातल्या पाहुण्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. स्थानिकांचं तेवढं वाढलं नाही.

म्हणून मित्रांना तीन गोष्टी सांग. दारूबरोबर नको. पहिल्या रात्री नको, कारण डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, सखल भागातून आलेल्याचं डोकं पहिल्या दिवशी तसंही जड होतं, आणि मग काय कशामुळे होतंय ते कळत नाही. आणि एक माणूस शुद्धीवर हवा. तो तू. कुणाची छाती धडधडायला लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर लाज न बाळगता ९११ ला फोन. नुसती शंका असेल तर विषबाधेची मदतवाहिनी आहे, १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालू असते.

घ्यायचं कुठे, हाही पाहुण्यांचा घोळच आहे. फुटपाथवर, बागेत, गाडीत मनाई. बहुतेक हॉटेलांत ओढायला मनाई, आणि खोलीला वास राहिला तर दंड. भाड्याच्या गाडीचंही तेच. आणि तुम्ही ज्या डोंगरांसाठी येताय ते बहुतेक केंद्राच्या मालकीचे आहेत. रॉकी माउंटन नॅशनल पार्क केंद्राचं. पिवळे ॲस्पेन बघायला सगळे केनोशा पासला जातात, ते राष्ट्रीय वनात. ब्रेकनरिज, व्हेलच्या स्कीच्या उतरणीसुद्धा राष्ट्रीय वनातच. तिथे राज्याची परवानगी उपयोगाची नाही. खिशात एक जॉइंट, म्हणजे गांजाची सिगारेट, सापडला तरी केंद्राचा रेंजर दंडाची पावती फाडून कोर्टात उभं करू शकतो. नागरिकाला ते दंडावर भागेल. नागरिक नसलेल्याच्या फाइलमध्ये मात्र तो केंद्राच्या कोर्टातला अंमली पदार्थांचा गुन्हा म्हणून बसेल. डेन्व्हर विमानतळाच्या आवारातही बंदी आहे.

गाडी तू चालवणार असशील तर अजून एक. मिनीव्हॅन तुझ्या नावावर घेतलेली आहे. त्यांनी आपली पिशवी तुझ्या गाडीत ठेवायचीच नाही, मुक्कामाच्या ठिकाणापर्यंतसुद्धा नाही. त्यांनी दुकानात जाताना-येताना उबर करावी. कोलोरॅडोत रक्तात टीएचसीचं प्रमाण पाच नॅनोग्रॅमवर गेलं की नशेत गाडी चालवल्याचं गृहीत धरता येतं, आणि नशेत गाडी चालवल्याची नुसती अटक झाली तरी वकिलाती व्हिसा रद्द करतात, खटल्याचा निकाल लागायच्या आधीच.

"येताना थोडंफार बरोबर आणणार आहेत" हे वाक्य वाचून मी खरोखर हातातला चहा खाली ठेवला. हे कदापि होऊ देऊ नकोस. राज्याची हद्द ओलांडून नेणं हा केंद्राचा गुन्हा आहे, दोन्ही बाजूंच्या राज्यांत कायदेशीर असलं तरी. आणि तुम्ही तर टेक्सासला परतताय. टेक्सासमध्ये दोन औंसांच्या आतला गांजाचा पाला सापडला तर १८० दिवसांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. गमी त्याहून फार वाईट. तिला तिथला कायदा पाला मानत नाही, अर्क मानतो, आणि वजन करताना आतल्या टीएचसीचं नाही, साखर-जिलेटिनसकट अख्ख्या गमीचं करतो. चार ग्रॅमच्या वर गेलं की दोन ते वीस वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा. दहा गमींचं एक पाकीट चार ग्रॅमच्या कितीतरी वर भरतं. अमारिलोच्या आसपास महामार्गावर कोलोरॅडोच्या बाजूनं येणाऱ्या गाड्या पोलीस थांबवतात. गाडी थांबवली की पहिला प्रश्न तुला, कारण स्टिअरिंगवर तू आणि कागदावर नाव तुझं. मागच्या सीटवर तुझी आई बसलेली असेल.

आईचं आता. तिला दुकानात नेऊ नकोस आणि तिथलं काही देऊ नकोस. ती पाहुणी म्हणून आली आहे, तिच्या व्हिसालाही हाच कायदा लागतो, आणि पुढच्या वेळी तुमच्या बाळंतपणाला किंवा बारशाला तिला यायचं असेल. गुडघ्यांबद्दल मलमवाले काहीही सांगोत. ती रक्त पातळ करायची वॉर्फरिनसारखी गोळी घेत असेल तर सीबीडीची (गांजाच्या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य) गमी किंवा तेल त्या गोळीचा परिणाम वाढवू शकतं. हे डॉक्टरला न विचारता करायचं नाही. आणि जाताना तिच्या बॅगेत चुकून जरी काही राहिलं तर मुंबईला उतरल्यावर एनडीपीएस लागतो. तिथे गांजा एक किलोच्या आत असला तरी वर्षापर्यंत कैद आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून हायड्रोपोनिक गांजा पकडल्याच्या बातम्या सतत येत असल्यामुळे कस्टमवाले आता डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी आणि प्लेनोतला चांगला फिजिओथेरपिस्ट, एवढं तू तिला आजच देऊ शकतोस. केनोशा पास दहा हजार फुटांवर आहे. तिथे तिला हळूहळू चालव, पाणी पाजत राहा, आणि डोकं दुखायला लागलं तर लगेच खाली आण.

बायकोला व्हेगासचं सांग. वकिलाकडे जायच्या आधी सांग. तिचा एच-४ तुझ्या एच-१बीला बांधलेला आहे. तुझं स्टॅम्पिंग अडकलं तर तिचं घर, तिचं काम, तिचं रोजचं आयुष्य अडकतं, आणि हे तिला मुंबईत खिडकीपाशी कळू नये. आई झोपली की दोघं जरा चालायला बाहेर पडा आणि घराच्या वळणावर पोचायच्या आत सांगून टाक. ती रागावेल, आणि तिला रागवायचा हक्क आहे. तिनं "आत पायसुद्धा ठेवायचा नाही" म्हटलं तेव्हा तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी ती तुझी फाइल सांभाळत होती. तू त्याला बाऊ म्हणालास, तेवढा शब्द मागे घे.

परतीच्या वाटेवर न्यू मेक्सिकोत शिरायच्या आधी कोलोरॅडोचं शेवटचं गाव लागतं, ट्रिनिडाद. रॅटनच्या घाटाच्या पायथ्याशी. छोटंसं गाव, पण परराज्यातल्या गिऱ्हाइकांमुळे तिथे गांजाची दुकानं खच्चून भरली आहेत. तिथेच तुम्ही पेट्रोल भरायला थांबाल आणि तिथेच मित्रांना शेवटचा मोह होईल. पंपावर सगळ्यांना खाली उतरव, बॅगा उघडायला सांग, सीटच्या फटी आणि डिकी बघ. काही निघालं तर तिथल्या तिथे कचऱ्यात जाईल, मग ते कितीही डॉलरचं असो. कुणी हसलं तर हसू दे. मगच आईला पुढच्या सीटवर बसव आणि घाट चढायला लाग.